पालकाची सही

“पण मग बाकीच्या एकोणचाळीस मुलांचं काय, भंतेजी?”

ढोके सरांचा हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारून झाला. भंते सुमेधबोधी विहाराच्या ओसरीवर बसून चीवराला ठिगळ लावत होते. त्यांनी दोरा ओढला, दातांनी तोडला आणि मान वर न करता म्हणाले,

“मला चाळिसावीचं सांग.”

बळवंत ढोके म्हणजे तालुक्यातल्या नावाजलेल्या शाळेचे मुख्याध्यापक. वय चोपन्न. त्यांचं लहानपण याच विहाराच्या वसतिगृहात गेलं होतं. भंतेंनीच त्यांच्या हाताला धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलेलं. आता शिष्याची अशी ख्याती होती, की त्याच्या शाळेत प्रार्थनेला चारशे मुलं उभी असतात आणि खोकलाही ऐकू येत नाही. येत्या गुरुवारी आदर्श शाळेची निवड करणारी समिती यायची होती.

आणि चाळिसावी म्हणजे आम्रपाली मेश्राम. तिसरीतली, आठ वर्षांची. आई शालिनी धानगिरणीत कामाला. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर ‘स्वमग्न’ असं लिहून दिलं होतं, तो कागद शाळेत जमा होता.

सरांनी खिशातून टाइप केलेला अर्ज काढला.

‘माझी पाल्य आम्रपाली हिला आपल्या शाळेत शिकणे जमत नसल्याने तिचा दाखला मिळावा, ही विनंती.’

खाली ‘पालकाची सही’ असं लिहून जागा मोकळी सोडलेली. दोनदा हा अर्ज शालिनीकडे गेला होता, दोनदा सहीविनाच परत आला होता.

“कायद्यानं मला तिला काढता येत नाही. पण आईनं आपणहून नेलं तर... ती तुमचा शब्द मोडायची नाही, भंतेजी.”

“म्हणजे काढायचं तू, आणि नेलं म्हणायचं तिनं.”

सरांनी अर्ज मांडीवर ठेवला. विहारामागच्या भाताच्या बांध्यांतून बगळ्यांचा थवा उठला आणि पुन्हा तिथंच बसला.

“तिचं काय चुकतं?” भंतेंनी विचारलं.

सरांनी तयारी करूनच आणली होती. वर्गशिक्षिकेची वही उघडून ते वाचू लागले. “नाव घेतलं तर ओ देत नाही. नजरेला नजर देत नाही. सगळ्यांबरोबर डबा खात नाही, एकटी कोपऱ्यात बसते. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहते. भिंतीच्या कडेनं त्याच त्या फेऱ्या मारते.”

“हे माझ्याविषयी कुणी लिहिलं?”

सर चपापले. मग हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन अडलं. भंते एकटेच जेवत, एकच वेळ जेवत. पहाटे त्याच चार ओळी म्हणत त्याच पायवाटेवर चालत. बायाबापड्या लांबून हात जोडत.

“तुमची गोष्ट वेगळी,” सर म्हणाले. “तुम्ही हे आपण होऊन पत्करलंत. तिनं कुठं पत्करलंय? तिला तर ते सुटतही नाही.”

भंतेंनी सुई थांबवली.

“हे खरं बोललास.”

सरांना वाटलं, जिंकलो. पण भंतेंच्या तोंडून ‘खरं बोललास’ ऐकलं आणि आपण नेमकं काय जिंकलो, तेच त्यांना कळेना.

“मी काही दुष्ट नाही, भंतेजी.” त्यांचा आवाज खाली आला. “गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि ही फाटकातून थेट रस्त्यावर. समोरून ट्रॅक्टर. ड्रायव्हरनं कसा थांबवला त्यालाच ठाऊक. मी धावत गेलो, उचलून आणली. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.”

भंतेंनी पहिल्यांदाच वर पाहिलं.

“घाबरलास.”

“हो.”

“मग?”

“मग... मधल्या सुट्टीत वर्गाला बाहेरून कडी लावतो आम्ही.”

“आत कोण असतं?”

“ती.”

“आणखी?”

सरांनी वही मिटली. “...ती एकटीच.”

“आणि घंटा? कुठं आहे ती?”

“घंटेचं काय? तिसरीच्या दाराशीच टांगलीय. पूर्वीपासून तिथंच आहे.”

बोलून झाल्यावर सरांचं तोंड थोडा वेळ उघडंच राहिलं.

भंते पुन्हा चीवराला टाके घालू लागले.

तेवढ्यात फाटक वाजलं. दर रविवारी यायची तशी शालिनी लेकीला घेऊन आली होती. ओसरीवर सरांना पाहताच ती जागच्या जागी थबकली, पदर सारखा करत म्हणाली, “जयभीम, सर.” मग तिची नजर त्यांच्या मांडीवरच्या अर्जावर गेली आणि चेहरा उतरला.

आम्रपालीनं कुणाकडेच पाहिलं नाही. ती सरळ अंगणातल्या पिंपळाकडे गेली आणि पारावर तळवा टेकवून त्याच्या कडेनं चालू लागली.

“आम्रपाली!” सरांनी हाक मारली. हजेरी घेताना मारत तशीच, खणखणीत. “आम्रपाली मेश्राम!”

मुलीनं दोन्ही कान गच्च दाबले आणि ती पाराच्या पलीकडे जाऊन बसली. दिसेनाशी झाली.

“पाहिलंत?” सर भंतेंकडे वळले. “हे असं रोज.”

“सर,” शालिनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. “तिले हाक नाही मारत आम्ही. हाक तिले टोचते. घरी भिंतीवर दोन टिचक्या मारतो. मग थांबतो. तिचं मन झालं की येते.”

“मग हे शाळेत सांगायचं नाही का?”

“सांगाले आली होती ना मी. तीनदा. गिरणीतला खाडा करून.” शालिनीनं डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “शिपाई म्हणे, सर मीटिंगमध्ये आहेत. तिसऱ्या वेळी तुम्ही भेटले. उभ्या उभ्याच म्हणाले, असं तोंडी नको, लेखी द्या.”

“मग द्यायचं लेखी!”

“देलं, सर. दोन पानं लिहून देलं. ती काय खाते, कशानं घाबरते, कशानं शांत होते... सगळं. तुमच्या फायलीत असन.”

सरांना ती फाइल आठवली. हिरव्या पुठ्ठ्याची, फीत बांधलेली. समितीला दाखवायला परवाच नीट लावून घेतली होती. त्यात डॉक्टरांचा कागद होता, मागं आणखी काही कागद होते. कागद जागच्या जागी आहेत एवढं त्यांनी पाहिलं होतं.

“अर्ज दे,” भंते म्हणाले. “आणि पेन.”

शालिनी पुढं आली आणि ओसरीच्या पायरीशी गुडघ्यांवर बसली. “भंतेजी, तुम्ही म्हणाल तर मी सही करतो. पण मग तिले नेऊ कुठं? तसली शाळा नागपुरात. नव्वद किलोमीटर. तिथं ठेवू, तर ती मले शोधन...”

भंतेंनी तिला हातानं थांबवलं. अर्ज गुडघ्यावर ठेवला, चष्मा पुसला. मग सावकाश एक रेघ ओढली, काही अक्षरं लिहिली, खाली सही केली आणि कागद सरांच्या हाती दिला.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

‘आम्रपाली’ हे नाव खोडलं होतं. ‘माझी’चं ‘माझा’ झालं होतं, ‘हिला’चं ‘याला’, ‘तिचा’चं ‘त्याचा’. वर लिहिलं होतं, ‘बळवंत’. आणि पालकाच्या जागी भंतेंची सही होती. थरथरती, पण तीच. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी बाप सात वर्षांच्या बळवंतला विहारात सोडून गेला आणि पुन्हा आलाच नाही, तेव्हा त्याच्या शाळेच्या कागदावरही पालक म्हणून हीच सही झाली होती.

‘माझा पाल्य बळवंत याला आपल्या शाळेत शिकणे जमत नसल्याने त्याचा दाखला मिळावा, ही विनंती.’

“ही काय थट्टा आहे, भंतेजी?” सरांची कानशिलं तापली. “अकरा वर्षं रक्त आटवलं मी त्या शाळेसाठी! आणि मी... मी सोडू?”

त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला.

“आणि इथं ‘शिकणे’ तसंच राहिलंय. तुम्हाला ‘शिकवणे’ म्हणायचं असेल.”

“नाही.”

सर उठले. चपला पायात घातल्या. फाटकापर्यंत गेले, परत आले. कागद फाडावा म्हणून दोन्ही हातांत धरला, पण गुरूची सही फाडायला हात होईना, आणि तो खिशात घालायलाही होईना. त्यांनी शालिनीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. भंतेंकडे पाहिलं. भंते सुईत दोरा ओवत होते आणि तो ओवला जात नव्हता.

एवढ्या वर्षांत चुकलेल्या प्रत्येक पोराला त्यांनी झटकन सांगितलं होतं, काय करायचं ते. आता ते स्वतः भर अंगणात उभे होते आणि त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

काही वेळानं त्यांनी चपला काढल्या. पाराच्या अलीकडच्या बाजूला जाऊन, इस्त्रीच्या पँटनिशी, मातीत मांडी घातली. कागद शेजारी ठेवला. त्यावर एक दगड ठेवला.

बोट वाकवून त्यांनी पारावर दोन टिचक्या मारल्या.

काही झालं नाही.

पुन्हा दोन मारल्या.

काहीच नाही. पलीकडून श्वासाचा आवाजसुद्धा नाही.

ते तिसऱ्यांदा हात उचलणार, तोच शालिनीनं लांबूनच मान हलवली. नको. थांबा.

सर थांबले. पायाला मुंग्या आल्या. मुंगळा मनगटावर चढला, तो त्यांनी तसाच चालू दिला. उन्हाचा पट्टा पाराच्या कडेवरून खाली उतरला. एवढा वेळ कुणाचीही वाट पाहत बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग सात वर्षांचे असतानाची एक दुपार आठवली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

टक्.

त्यांनी डोळे उघडले.

टक्. टक्.

पाराच्या पलीकडून, दगडातूनच यावेत तसे. तीन.

सर अर्धवट उठले, पुन्हा बसले. शालिनीकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, “तीन? मी तर दोन मारल्या. तीन म्हणजे काय?”

शालिनी उठून उभी राहिली होती. तोंडावर हात ठेवून.

“मालूम नाही, सर... तीन कधी मारल्याच नाही तिनं.”

“म्हणजे ये म्हणते? की जा म्हणते?”

“मलेही नाही समजत.”

सर ओसरीकडे वळले. सगळा ताठा गळून गेलेला चेहरा, पहिलीच्या वर्गात चुकून शिरलेल्या माणसासारखा.

“भंतेजी, आता मी काय करू? उत्तर देऊ? किती मारू? दोन की ती—”

भंतेंनी ओठांवर बोट ठेवलं.

“वर्गात बोलू नये, बळवंत.”