समुद्राला वारा घालणारे थेर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कोकणातली एक फार जुनी खाडी मनापुढे आणा. येथून शिडाची गलबते मिरी आणि कापड भरून थेट समुद्रापलीकडच्या सुवर्णभूमीपर्यंत जात. खाडीकाठी वेळघर नावाचे गाव होते. गावावरच्या डोंगरात एक लेणे होते आणि त्यात बोधिगुप्त थेर राहत. थेर म्हणजे वयाने आणि अधिकाराने मोठे भिक्खू.

त्यांचा एक भक्त होता मुगदास, गलबतावरचा वल्हेकरी. पलीकडच्या बंदरात माल उतरत असताना तो तिथल्या लोकांना बुद्धांच्या गोष्टी सांगे. ते लोक म्हणाले होते, "ज्या झाडाखाली ते बसले, तसले एक झाड आम्हांला आणून दे." म्हणून थेरांनी त्याच्या हाती मडक्यात लावलेले पिंपळाचे रोप दिले.

"जप याला," थेर म्हणाले. "वाट सुचेनाशी झाली, तर याच्या पानांकडे बघा."

गलबताचा मालक विश्वदत्त शेठ खो-खो हसला. "अहो भदंत, पिंपळ तर भिंतीच्या भेगेतही उगवतो! तो काय वाट दाखवणार? आणि काय रे वल्हेकऱ्या, झाडाला पाणी हवं तर तुझ्या वाट्यातलं घाल. माझा एक थेंब मिळायचा नाही."

"घालीन की, शेठ."

मुगदासाची मुलगी सामा त्याचा हात धरून उभी होती. तिला आई नव्हती. "मग तुम्ही काय प्याल, बाबा?"

"अगं, मला अर्ध्या करवंटीत भागतं. जाईन आणि येईन!"

शेठने पाण्याचे रांजण कमी करून त्या जागी मिरीची पोती रचली होती. गलबत हाकणारा तांडेल कुरकुरला, पण ऐकतो कोण?

भर समुद्रात वारा पडला. शीड ओल्या फडक्यासारखे लोंबू लागले. माणशी करवंटीभर पाणी मिळे, ते अर्धी करवंटी झाले, मग घोटभर. त्या घोटातलाही अर्धा मुगदास रोपाच्या मुळाशी ओतायचा.

इकडे वेळघरात थेर लेण्याच्या दारात समुद्राकडे तोंड करून बसले आणि विंझणा, म्हणजे हातपंखा, हलवू लागले. अन्न नाही, पाणी नाही. गावातले टवाळ म्हणाले, "म्हातारा समुद्राला वारा घालतोय!"

सामाने जवळ जाऊन विचारले, "थेरबाबा, हे काय करताय?"

"तिकडे फार उकडतंय गं, बाळ," थेर म्हणाले. त्यांचे ओठ फुटले होते.

सामाने पळसाचे मोठे पान तोडून आणले आणि तीही वारा घालू लागली.

एका सकाळी गलबतावर मुगदास उठलाच नाही. रोप त्याच्या कुशीत होते आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून त्यावर त्याचे मुंडासे होते.

"दोघांनाही पाण्यात सोडा," शेठ म्हणाला.

तांडेलाने मुंडासे बाजूला केले आणि तो थबकला. शीड निपचित होते, पण पिंपळाचे एक पान थरथरत होते! बघता बघता सगळी पाने एकाच बाजूला वळली.

"गलबताचं तोंड तिकडे वळवा!" तांडेल ओरडला. उरलेसुरले बळ एकवटून माणसांनी वल्ही मारली, आणि काय सांगू, शिडात वारा भरला! दिवस मावळायच्या आत एक बेट लागले. त्यावर गोड्या पाण्याचा झरा होता.

रोप पलीकडे पोचले, रुजले. लोक त्याला 'शेठचा पिंपळ' म्हणू लागले. शेठने म्हणू दिले.

परतल्यावर मात्र त्याला चैन पडेना. तांडेलाला घेऊन तो लेण्यात आला. सामा थेरांजवळच बसली होती. मुगदास कसा गेला आणि दुसऱ्याच घटकेला वारा कसा आला, ते तांडेलाने सांगितले, आणि शेठ थेरांपुढे आडवा झाला. "भदंत, मी हसलो. चुकलो."

थेरांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको. हिच्या पाया पड."

शेठ सामापुढे वाकला. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती थेरांना म्हणाली, "वारा तुम्हीच पाठवलात ना? मग एक दिवस आधी का नाही पाठवलात?"

थेरांचे डोळे भरून आले. "माझ्या हातात एवढासा विंझणा होता गं, बाळ. आणि समुद्र केवढा!"

मग सामाने विचारले, "त्या झाडाला तिथले लोक काय म्हणतात?"

तांडेलाने मान खाली घालून सांगितले, "शेठचा पिंपळ."

सामा उठली आणि डोंगर उतरून बंदरावर गेली. तिथे सुवर्णभूमीला जाणारे दुसरे गलबत भरत होते. एकेका वल्हेकऱ्याचा हात धरून ती म्हणू लागली, "काका, पिंपळ मुगदासानं आणला, असं तिकडे सांगाल? आधी मला म्हणून दाखवा. मुगदासानं."