शब्द झाकलेले पुस्तक

एकदा एका वाचनालयाच्या अंगणात भर सकाळी भांडण जुंपले होते. ते जागेवरून किंवा बांधावरून नसून पुस्तकांवरून होते, त्यामुळे कोणी सोडवायला मध्ये पडत नव्हते. उलट लोक सावली धरून ऐकत उभे होते.

"चित्रं बघणं म्हणजे वाचणं नव्हे, बाई," श्रीकर पुन्हा म्हणाला. "चित्रं लहान मुलं बघतात. अक्षर येईपर्यंत."

"आणि अक्षर आलं की डोळे काढून कोनाड्यात ठेवायचे का?" वाचनालय सांभाळणाऱ्या द्वारकाबाईंनी विचारले.

लोक हसले. श्रीकर हसला नाही. त्याच्या पायाशी सुतळीने करकचून बांधलेला गठ्ठा होता. त्यात चित्रांतून सांगितलेल्या लांबलचक कथांची जाडजूड पुस्तके होती आणि व्यंगचित्रांचे संग्रह होते. दुपारी रद्दीवाल्याची हातगाडी यायची होती.

त्या गावाची एक रीत होती. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी वाचनालयाची सगळी कपाटे रिकामी करायची, पुस्तकांना ऊन दाखवायचे, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला पसरायचा, आणि कोणती पुस्तके परत आत जायची हे त्या वर्षी निवडलेल्या एका वाचकाने सांगायचे. त्याचा शब्द अखेरचा. अट एवढीच, की जे पुस्तक बाहेर काढायचे ते त्याने स्वतः वाचलेले असले पाहिजे. न वाचता निकाल देणाऱ्याला त्या अंगणात उभे राहण्याचाही अधिकार नव्हता. ही अट द्वारकाबाईंनी घातलेली होती, आणि बाईंनी घातलेली अट मोडण्याची छाती गावात कोणाची नव्हती.

द्वारकाबाईंनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. तरुणपणी त्या लग्नघरी भांडी घासायला जात. जेवणावळी उठल्या की शेजारपाजारून मागून आणलेली पातेली, पराती ज्यांच्या त्यांना परत करायची असत, आणि कोणते कोणाचे हे भांड्यावर कोरलेल्या नावावरूनच कळे. राखेने घासता घासता बाईंच्या बोटांना ती अक्षरे आधी लागली, डोळ्यांना मागाहून. पुढे हाती पडेल ते वाचीत सुटल्या, आणि वाचलेले पचवून गावातल्या शहाण्यांना सुनावूही लागल्या. अखेर शहाण्यांनीच वाचनालयाची किल्ली त्यांच्या हवाली केली. ती पुष्कळ वर्षे त्यांच्या कमरेला होती.

श्रीकर त्यांचा शिष्य. बाजारपेठेत त्याच्या वडिलांचे भांड्यांचे दुकान, आता ते तोच पाही. लहानपणी तो बाईंच्या पुढ्यात बसून वाचायला शिकला, आणि असा शिकला की थांबेचना. गिऱ्हाईक नसले की गल्ल्यावर पुस्तक उघडे. गिऱ्हाईक असले की त्याला कढई दाखवता दाखवता कालच्या पुस्तकाविषयीचे मत ऐकवी. कढई घ्यायची तर मतही घ्यावे लागे. त्याच्या वाचनाचा वेग हा गावाच्या कौतुकाचा विषय होता आणि त्याच्या स्वतःच्याही.

त्या वर्षी निवडलेला वाचक तोच होता. शिवाय बाईंनी सर्वांदेखत सांगितले होते, की संध्याकाळी कपाटे बंद झाली की किल्ली श्रीकरला द्यायची. मात्र त्याने दिवस नीट पार पाडला पाहिजे. बाई किल्ली का सोडतात हे श्रीकरने विचारले नव्हते. वय झाले, दुसरे काय. ती किल्ली आपल्या कमरेला यावी ही इच्छा मात्र त्याने लहानपणापासून जपली होती, आणि आज ती हातभर अंतरावर, बाईंच्या चौरंगावर, खळीच्या वाटीशेजारी पडलेली होती.

दर वर्षीप्रमाणे बाई चौरंगापुढे बसून फाटकी पाने सांधीत होत्या. कणकेची खळ, पातळ कागदाच्या पट्ट्या आणि एक कुंचला एवढाच सरंजाम. निवृत्त पोस्टमास्तर दाभाडे शेजारी बसून पान दाबून धरीत होते. एरवी बाईंची पट्टी दोऱ्याने आखल्यासारखी बसे. आज पट्ट्या तिरप्या जात होत्या. बाई रागात आहेत, असे श्रीकरने मनाशी म्हटले.

त्याने आपली बाजू पुन्हा मांडायला घेतली. व्यंगचित्रे ही त्या त्या दिवसाची चीज आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या पुढाऱ्याची थट्टा केली तो मेला, ज्या भाववाढीवर हसले ती भाववाढ आज स्वस्ताई वाटते, मग तो शिळा हशा पुठ्ठ्याच्या बांधणीत कशाला जपायचा? आणि चित्रकथा म्हणजे तर निव्वळ आळस. लेखकाला शब्द सुचले नाहीत म्हणून चित्रकाराला हाताशी धरला. चहा निवायच्या आत पुस्तक संपते. त्याला पुस्तक म्हणायचे तर दिनदर्शिकेलाही म्हणावे लागेल.

दाभाडे मास्तरांनी चष्मा पुसला. वर्तमानपत्राच्या आड धरून ते व्यंगचित्रांचे संग्रह वाचतात आणि एकटेच हसतात, हे सगळ्यांना ठाऊक होते.

"या गठ्ठ्यातलं सगळ्यात टाकाऊ कोणतं?" बाईंनी शांतपणे विचारले.

श्रीकरला विचार करावा लागला नाही. गठ्ठ्यात सगळ्यात वर तेच होते. एका साध्या घराची गोष्ट. आई, वडील आणि मुलगी. "अख्ख्या पुस्तकात एकच वाक्य आहे, बाई. 'ताटं वाढलीत, या.' पान उलटा, 'ताटं वाढलीत, या.' पुन्हा उलटा, तेच. काही घडतच नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय, म्हणून सांगतो."

"वाचलंयस?"

"शब्द न् शब्द."

बाईंनी गठ्ठा जवळ ओढायला सांगितला, सुतळी दातांनी तोडली आणि ते पुस्तक चौरंगावर उघडले. दाभाडे मास्तरांनी पान धरले. बाईंनी कुंचला खळीत बुडवला, एक कोरी पट्टी उचलली आणि छापलेल्या वाक्यावर चिकटवली.

अंगणातल्या माना एकदम पुढे झाल्या.

दुसरे पान. दुसरी पट्टी. वाक्य गेले. तिसरे पान.

ह्या त्या बाई होत्या, ज्यांनी पानाचा कोपरा दुमडला म्हणून नगरसेवकाला दारात उभे केले होते. पेन्सिलीने ओळ अधोरेखित करणाऱ्या एका वकिलाला त्यांनी खोडरबर देऊन, समोर बसवून, सगळी रेघ पुसायला लावली होती. त्याच बाई आज धडधाकट पुस्तकातले शब्द बुजवीत होत्या. मागे उभी असलेली एक बाई तोंडावर पदर धरून राहिली. बाईंचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी कुजबुज झाली. श्रीकरला तर आपल्याच अंगावर कोणी काही ओतते आहे असे वाटले. पुस्तक टाकाऊ आहे म्हणणे वेगळे आणि त्याची अशी विटंबना डोळ्यांदेखत पाहणे वेगळे.

"बाई, हे काय चालवलंय? पुस्तक खराब करताय तुम्ही."

"रद्दीतच जायचं होतं ना? मग तुझं काय गेलं?"

शेवटची पट्टी बसली. बाईंनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवले. "बस खाली. वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

"आता काय वाचू? शब्दच नाहीत."

"शब्द न् शब्द वाचलायस म्हणालास. आता उरलेलं वाच."

श्रीकर बसला. थट्टाच करायची तर करू, असा विचार करून त्याने सामना चालू असल्यासारखे वर्णन सुरू केले. हे पाहा घर. हा दिवाणखाना. हे वडील, चौकड्यांचा शर्ट घातलेले, सायकलची साखळी बसवताहेत. आई स्वयंपाकघराच्या दारात. तीन ताटं. मुलगी बापाचा हात धरून ओढते आहे. लोक हसले, कोणी टाळीही दिली. पान उलटले. पुन्हा संध्याकाळ, पुन्हा तीन ताटे, चौकड्यांचा शर्ट खुंटीवर, वडील बनियनवर. पान उलटले. तीन ताटे. एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेले. आई स्वयंपाकघराच्या नव्हे, बाहेरच्या दारात उभी. दिवा लागलेला. सायकल नाही.

"मग?" कोणीतरी म्हणाले.

श्रीकरने पान उलटले. ह्या चित्रात माणूस एकही नव्हता. नुसता उंबरठा होता, आणि उंबरठ्याबाहेर चपला. पायऱ्यांवर, अंगणात, तुळशीपर्यंत, चपलाच चपला. हे चित्र आपण आधी पाहिले आहे का, हे त्याला आठवेना. त्यावर वाक्य नव्हतेच कधी. म्हणून तो तिथे थांबला नव्हता.

त्याचा आवाज खाली आला. पुढच्या पानावर दोन ताटे होती. पुढे सायकल भिंतीला टेकलेली, तिच्या चाकातून दोडक्याचा वेल वर गेलेला. पुढे मुलगी शाळेला निघालेली, आणि तिच्या खांद्याला लावलेले दप्तर चौकड्यांच्या कापडाचे. शेवटच्या पानावर मुलगी मोठी झालेली. आई खाली बसलेली, आणि स्वयंपाकघराच्या दारात आता मुलगी उभी. झाकलेल्या वाक्याच्या फुग्याचे टोक मुलीच्या तोंडाशी होते. ते वाक्य शेवटी आई म्हणतच नव्हती.

श्रीकरने मागची पाने उलटली, पुढची उलटली.

"यातले वडील," तो म्हणाला, "वारले?"

दाभाडे मास्तर संकोचाने म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं? आम्हाला वाटलं, ठाऊक असूनच तू म्हणतोयस."

ते ऐकून श्रीकरला जी लाज वाटली तिचा लगेच राग झाला. माणसाचे असेच होते. तो उसळून म्हणाला की ही फसवणूक आहे. एवढी मोठी गोष्ट घडली तर एक ओळ लिहायला काय झाले होते? बाप गेला, एवढे दोन शब्द. सांगणे हे लिहिणाऱ्याचे काम, आणि सांगितलेच नाही तर वाचणाऱ्याचा काय दोष?

बाईंनी त्याला पुरते बोलू दिले. मग म्हणाल्या, "ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात ते रोज बोलून दाखवतात का रे? त्या बाईनं एक ताट कमी घेतलं. तिला तेवढंच सांगता आलं. लिहिणाऱ्यानं तिच्या तोंडी दोन शब्द कोंबले असते तर तुझी सोय झाली असती, पण ती बाई खोटी पडली असती. शब्दांचं मला वावडं नाही. माझा जन्म त्यांनीच सावरला. पण तू शब्दांवरून पळतोस, आणि जिथं शब्द नाहीत तिथं काही नाहीच असं धरून चालतोस. म्हणून तुझे शब्द झाकले. पळायला जागा ठेवली नाही."

श्रीकर मान खाली घालून बसला होता, पण हट्ट अजून सुटला नव्हता. हे एक पुस्तक मी वाचले नव्हते हे कबूल, तो म्हणाला. हे आत जाऊ दे. बाकीच्यांवर माझे मत कायम आहे.

"ठीक," बाई म्हणाल्या. "यंदा निवडलेला वाचक तू. तुझा शब्द अखेरचा. ही किल्लीही आत्ताच घे, संध्याकाळची वाट कशाला."

बाईंनी किल्ली त्याच्याकडे सरकवली. ज्या किल्लीची त्याने इतकी वर्षे वाट पाहिली तिच्यावर त्याचा हात पडणार, तोच तो थांबला. शब्द नसलेले पुस्तक नुकतेच वाचल्यामुळे असेल, पण त्याचे डोळे अजून चित्रे पाहायच्या तयारीत होते.

किल्ली डाव्या हाताने आली होती.

कुंचलाही डाव्याच हातात होता. सुतळी दातांनी तुटली होती. पाने दाभाडे मास्तर धरीत होते, आणि आजच नव्हे, दोन-तीन महिने तेच धरीत होते. खळीची वाटी घसरू नये म्हणून तिच्याभोवती फडक्याची चुंबळ होती. तिरप्या पट्ट्या रागाच्या नव्हत्या. आणि बाईंचा उजवा हात मांडीवर पदराखाली पडला होता. इतका वेळ, इतक्या बोलण्यात, एकदाही उचलला गेला नव्हता.

श्रीकरने पदराकडे पाहिले. मग बाईंच्या तोंडाकडे. उजवीकडचा ओठ किंचित उतरलेला होता.

"हे कधी झालं?"

"दिवाळीच्या आधी," दाभाडे मास्तर पुटपुटले. "झटका आला होता. जीव वाचला एवढंच."

सभोवतालचे लोक जमिनीकडे पाहत होते. त्यांना सगळ्यांना ठाऊक होते. त्या मागे उभ्या असलेल्या बाईलाही ठाऊक होते. श्रीकर मात्र दिवाळीपासून रोज इथे येत होता, बाईंच्या समोर बसत होता, वाचलेल्या पुस्तकांविषयी बोलत होता, आणि किल्ली आपल्याला आपल्या वाचनामुळे मिळते आहे अशा समजुतीत घरी जात होता. तरी तोंडातून बाहेर पडला तो पुन्हा रागच. त्याने किल्ली उचलून चौरंगावर आपटली आणि भरल्या आवाजात विचारले, की रोज येतो ना मी, रोज समोर बसतो ना, मग एका शब्दानं तरी मला का सांगितलं नाहीत?

बाईंनी डाव्या हाताने त्या पुस्तकावरची खळ पुसली, ते मिटले, आणि म्हणाल्या,

"रोज तुझ्यासमोर बसून सांगतच होते, श्रीकर, तू मात्र मी बोलायची वाट बघत होतास."