उतारावरची बचत

घाटमाथ्यावरच्या एका गावात त्र्यंबकशेठ नावाचे बांगड्यांचे व्यापारी राहत. चमडी गेली तरी दमडी सोडणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. त्यांच्याकडे ऑटोमॅटिक गाडी होती. घाटाचा उतार लागला की शेठ ती न्यूट्रलमध्ये टाकत.

“उतारावर गाडी देव ओढतो. मग पेट्रोल कशाला जाळायचं?” असं ते चहाच्या टपरीवर ऐटीत सांगत. ऐकणारे माना डोलवत. तपासून पाहण्याची तसदी कोण घेणार!

एकदा खालच्या गावच्या जत्रेसाठी शेठ काचेच्या बांगड्यांनी गाडी भरून निघाले. शेजारी पत्नी इंदूताई. उतारावर शेठनी सवयीने न्यूट्रल टाकला. मागच्या पेट्यांतल्या बांगड्या आधी किणकिणल्या, मग खणखणू लागल्या.

“अहो, काहीतरी जळतंय!”

ब्रेक तापले होते. पुढच्या वळणावर शेठनी पाय दाबला, तर पेडल मऊ पडलेलं. समोर दरी. त्यांनी गिअरचा दांडा झटकन ड्राइव्हवर आणि तिथून खालच्या गिअरमध्ये ओढला. इंजिन गुरगुरलं, त्याने चाकांना आवरलं आणि गाडी कठड्याला घासून थांबली.

ब्रेक निवल्यावर उरलेला घाट शेठ गिअरमध्येच उतरले. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष समोरच्या पडद्यावर गेलं. ॲक्सिलरेटरवर पाय नव्हता आणि पेट्रोलचा खर्च शून्य दिसत होता! पायथ्याच्या सौम्य उतारावर त्यांनी क्षणभर न्यूट्रल टाकून पाहिला. खर्च लगेच सुरू झाला. गिअरमध्ये चाकंच इंजिन फिरवत होती. न्यूट्रलमध्ये ते चालू राहायला पेट्रोल पीत होतं.

“म्हणजे जीव टांगणीला लावून आपण वाचवलं काय?” इंदूताईंनी विचारलं.

“गावात बोलू नकोस. लोक हसतील.”

“उद्या जावईबापू आपल्या लेकीला, रेवाला, घेऊन हाच घाट उतरणार आहेत. त्यांना ही युक्ती कुणी शिकवली?”

शेठनी फोन हातात घेतला आणि परत खिशात ठेवला. फोनवर सांगून जावई ऐकेल, याचा त्यांना भरवसा नव्हता. त्यांनीच त्याला तसं पढवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऐन जत्रेत दुकान झाकून ते तडक घाट चढून आले. टपरीपाशी जावयाची गाडी निघण्याच्या बेतात होती. भोवती सगळं गाव.

“मामा, तुमच्याच युक्तीने निघालोय बरं का!” जावई हसला.

“ती युक्ती खोटी आहे,” शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मी चुकलो. गाडी गिअरमध्येच ठेवा.”

“काय शेठ, पेट्रोल फुकट मिळायला लागलं का?” कुणीतरी टोमणा मारला.

“नाही रे बाबा. पण काल अक्कल फार महाग पडणार होती.”

लोक हसले. शेठ मात्र जावयाची गाडी उताराला लागताच कठड्यापाशी कान देऊन उभे राहिले. वळणामागून वळण घेत इंजिनाची गुरगुर पायथ्यापर्यंत ऐकू येत राहिली. शेठना ती बांगड्यांच्या किणकिणाटाहून गोड वाटली.

तात्पर्य: न पारखलेली बचत खर्चाहून महाग पडते, आणि आपली चूक कळल्यावर अब्रू सांभाळत बसू नये, आधी माणसं सांभाळावीत.