झोळीत न मावलेला बांध

एका राज्यात हिरण्मयी नावाची राणी होती. राज्याच्या मधोमध देवखोरे. डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची शेते, दर पायरीला दगडी बांध. खोरे पिकायचे आणि सारे राज्य जेवायचे. राणीचा खोऱ्यावर भारी जीव.

पण तिच्या वडिलांनी एकदा कालजंघ मांत्रिकाला दारातून उपाशी परत धाडले होते. 'एक दिवस हे खोरे झोळीत घालून नेईन,' हा त्याने दिलेला शाप आज फळाला आला. खांद्याला झोळी अडकवून तो दरबारात उभा राहिला.

"या खोऱ्यातल्या जपण्याजोग्या तीन गोष्टी दाखव. एक जरी झोळीत मावली नाही, तर शाप सुटला. तिन्ही मावल्या, तर खोरे माझे."

राणीने शंभर खांबांचे देऊळ दाखवले. ते झोळीत गेले. मग सात पिढ्यांचा वड दाखवला. तोही गेला, पारंब्यांसकट. आता एकच गोष्ट उरली.

तेव्हा सज्ज्यावरचा भारद्वाज पक्षी म्हणाला, "राणी, खोरे तू इथूनच पाहिलेस. एकदा चढून पाहा."

राणी चढू लागली, मागे कालजंघ. वाटेत येसू नावाची म्हातारी दिसली. डोक्यावर भाकरीची पाटी, हातात एक दगड. ढासळलेल्या बांधाशी ती थांबली, दगड बसवला आणि पदराला हात पुसले.

"आजी, हा बांध तुमचा?"

"न्हाई जी, बाईसाहेब. शेजाऱ्याचा हाय. पर रिकाम्या हातानं डोंगर चढायचा न्हाई, ही आमची रीत. सासूचा दगड निसटला तर म्या बसवायचा, माझा निसटला तर सुनेनं."

राणीने त्या दगडावर हात ठेवला. आजवरचा प्रत्येक घास या हातांनी तोलून धरला होता आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. ती कालजंघाला म्हणाली, "ही तिसरी गोष्ट. घ्या."

कालजंघाने हसत बांध झोळीत टाकला. मागून आलेल्या बायकांनी खिंडार पाहिले आणि हातातले दगड तिथे रचले. त्याने तेही उचलले. मग गुराखी आले, मग लेकुरवाळ्या. तो उचलत राहिला, माणसे रचत राहिली. दिवस कलला तशी झोळी उसवली. देऊळ आणि वड आपापल्या जागी जाऊन उभे राहिले.

"हे संपतच नाही," म्हणत कालजंघ मटकन खाली बसला. येसूआजीने त्याच्यापुढे भाकरी ठेवली. तो जेवला आणि शाप सुटला.

राणीने दवंडी पिटवली, की देवखोरे राज्याचा ठेवा आहे आणि ते राखणारे हातही. मग तिने स्वतः एक दगड उचलून बांधावर ठेवला.

"पालथा बसलाय, बाईसाहेब," येसूआजी म्हणाली.

राणीने तो नीट बसवला आणि आजीच्या पायांना हात लावला. तो दगड अजून तिथेच आहे. निसटला असेल, तर कोणीतरी बसवला असेल.