बंदचा हुकूम आणि ओहोटी

खारवाडीचं बचाव केंद्र बंद करायला किनारा विभागाचे बडे साहेब लाँचमधून आले. दारावर स्वतःच्या सहीचा हुकूम चिकटवून त्यांनी भाषण ठोकलं. गेल्या वादळात याच केंद्राने पोशाबाईच्या नवऱ्याला बुडताना वाचवलं होतं. ती पुढेच बसली होती.

"आता शहरातून मदत येईल. मोबाइलवर बटण दाबायचं, बस्स! गावातल्या कोणीही होडी काढायची नाही. हुकूम आत्तापासून लागू!"

"सायब, ओहोटी लागलीय. लवकर निघा," पोशाबाई म्हणाली.

"मला समुद्र शिकवू नका, बाई!"

आणखी तासभर बोलून साहेब ऐटीत निघाले आणि खाडीच्या तोंडाशीच लाँच चिखलात रुतली. त्यांनी बटण दाबलं. बोट दुसऱ्या बंदरावर आहे, सहा तास लागतील, असं शहरातून उत्तर आलं.

"अहो, होडी काढा!" साहेब धक्क्याकडे बघून ओरडले.

"कशी काढू, सायब? हुकूम लागू हाय ना?" पोशाबाईने धक्क्यावरून विचारलं.

धक्क्यावर हशा पिकला.

"रद्द केला हुकूम!"

पोशाबाईने दारावरचा कागद सोडवला, केंद्राची सपाट तळाची होडी चिखलावरून ढकलत लाँचपाशी नेली आणि कागद पुढे धरला.

"यावरच लिहा."

साहेबांनी 'रद्द' लिहून सही केली.

"सहा तासांनी भरती येईल, तुमची लाँच आपसूक तरंगेल," त्यांना हात देत ती म्हणाली. "पण सायब, बुडणारा माणूस तेवढा थांबत नाय."