बापाच्या भाषेतला प्रश्न

एका थंड समुद्राच्या काठी कॅनडातल्या मिकमॅक या मूळनिवासी लोकांचं गाव होतं. तिथे लाकूड कोरणारा एक कारागीर राहायचा. मेपलच्या लाकडातून तो खोलगट वाडगे कोरायचा. त्यांत हाडाच्या सोंगट्या टाकून लोक एक जुना खेळ खेळायचे.

मग सरकारची माणसं आली आणि गावातली मुलं दूरच्या इंग्रजी शाळेत घेऊन गेली. कारागिराची लहानगी मदलेनही त्यांत होती. शाळेत तिचे केस कापले, घरचं नाव टाकून तिला मदलेनच म्हणू लागले. घरची भाषा बोललं की मार बसायचा. मार चुकवता चुकवता ती आपली भाषाच विसरली.

मदलेन परतली तेव्हा ती मोठी बाई झाली होती. आई तोवर वारली होती. दारात उभा असलेला बाप काहीतरी म्हणाला, तिला कळलं नाही. तिने इंग्रजीत विचारलं, "तुम्ही मला न्यायला का नाही आलात?" ते त्याला कळलं नाही. त्याने तिच्यापुढे जेवण ठेवलं. दोघं जेवली.

शेजारच्या काकूंना दोन्ही भाषा येत होत्या. त्या म्हणाल्या, "मी विचारू का त्याला?"

मदलेनने बराच विचार केला. "नको काकू. हे माझं मलाच विचारायचंय."

ती बापाजवळ जाऊन बसली. त्याने तिच्या हातात वाकड्या पात्याचा चाकू दिला, तो आपल्याकडे ओढत कसं कोरायचं ते दाखवलं. चाकूला आपल्या भाषेत काय म्हणतात ते सांगितलं. मग लाकडाला, सालीला, ढलपीला. ती एकेक शब्द म्हणून बघायची. कधी कधी शब्द ओठांवर येताच शाळेतला मार आठवायचा आणि ती चाकू खाली ठेवायची. मग बापही आपला चाकू ठेवून द्यायचा.

असे बरेच हिवाळे गेले. तिचे कितीतरी वाडगे तडकले. एक नीट जमला, तेव्हा बाप अंथरुणाला खिळला होता. त्याच्या उशाशी बसून तिने अडखळत, त्याच्या भाषेत विचारलं, "बाबा, तुम्ही मला न्यायला का नाही आलात?"

"आलो होतो," बाप म्हणाला. "पुन्हा पुन्हा आलो. फाटकावरूनच हाकलायचे. तू अंगणात दिसायचीस. मी तुझ्या घरच्या नावाने हाका मारायचो. तू वळायची नाहीस."

मदलेनला रडू फुटलं. "बाबा, तिथे मी ते नाव विसरले होते."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि ते नाव पुन्हा उच्चारलं. बर्फ वितळायच्या आत तो गेला.

मदलेन कोरत राहिली. त्याच शाळेतून आलेले लोक हळूहळू तिच्याकडे येऊ लागले. काही शिकले, काही रडून निघून गेले. एकदा तिच्याच वयाची एक बाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मलाही आईला खूप काही विचारायचं होतं. आता कुणाला विचारू?"

मदलेनने बाकावर सरकून जागा केली, चाकू तिच्या हातात दिला आणि त्याचं आपल्या भाषेतलं नाव सांगितलं. त्या बाईने ते हळूच म्हणून पाहिलं.

तात्पर्य: हिरावलेलं सगळं परत मिळत नाही. पण जे उरलं आहे ते एकमेकांजवळ बसून शिकलं, तर हिरावल्याचं दुःख एकट्याने सोसावं लागत नाही.