घाटपायथ्याची डोणी

माल आणि माणसं घोड्यांच्या पाठीवरूनच घाट चढत, त्या फार फार जुन्या काळी घडलेली ही गोष्ट.

दूरच्या नगरीत शिकून सगुणा गावी परतत होती. वाटभर तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. घाटपायथ्याची लांबलचक दगडी डोणी, काठोकाठ पाणी, आणि माना खाली घालून ओळीनं पिणारे घोडे.

डोणी तिच्या पणजीनं दान दिली होती. घाट उतरताना पणजीची लाडकी घोडी तहानेनं मेली, तेव्हा तिनं अंगावरचे दागिने मोडून डोणी घडवून घेतली आणि गावाला रीत घालून दिली. शेजारच्या विहिरीवर येणाऱ्यानं पहिली घागर डोणीत ओतायची, मग घरी न्यायची. घोडा पिऊ लागला की सगळे गप्प होत. फक्त घोडेवाला हलकी शीळ घाली, म्हणजे घोडा निवांत पिई. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलेली ती शीळ सगुणा परमुलखातही विसरली नव्हती.

आता पाहते तर डोणीत वीतभर हिरवं पाणी. कुंभाराची गाढवं त्यात तोंड घालून उभी, आणि एक शेळी तर चक्क आत उतरलेली. घोडे डोंगरापलीकडच्या नव्या वाटेनं जाऊ लागले होते. काठ फुटला होता, त्यावर कोरलेल्या पणजीच्या नावावर शेवाळ चढलं होतं.

सगुणाच्या जिवाला ते लागलं. तिनं घरोघर जाऊन पणजीची गोष्ट सांगितली. लोक ओशाळले, काथ्या घेऊन आले. डोणी घासली, फुटका काठ चुन्यानं सांधला. पाण्यानं पुन्हा शेवाळ धरेल म्हणून सगुणानं डोणी कोरडी ठेवली, आणि जनावरं शिरू नयेत म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं. बायका काठावर फुलं वाहू लागल्या, तिन्हीसांजेला पणती लावू लागल्या.

आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती. "एवढं शिकून आलीस आणि दगडाला न्हाऊ घातलंस," ती म्हणाली. "आता गाढवांनी कुठं जायचं ग?"

"ओढ्यावर जातील, आत्या. ही डोणी गेली तर पुन्हा मिळायची नाही."

वैशाखात ओढा आटला. एका दुपारी एक म्हातारा घोडेवाला जुन्या सवयीनं याच वाटेनं घाट उतरला. त्याचा घोडा फेसाटला होता, पण डोणी दिसताच आपणहून तिकडं वळला आणि कुंपणापाशी थबकला. म्हाताऱ्यानं फुलं पाहिली, पणती पाहिली. त्यानं वहाणा काढून हात जोडले आणि लगाम ओढून घोड्याला पुढं नेलं.

विहिरीवर उभ्या सगुणानं विचारलं, "बाबा, घोड्याला पाणी नाही का पाजायचं?"

"पुढच्या गावी पाजतो, पोरी. पूर्वी इथं डोणी होती. आता देव बसलाय. देवाच्या दारात जनावर कसं घालू?"

तो हे बोलतोय तोवर पाय लटपटून घोडा खाली बसला. सगुणा भरली घागर घेऊन धावली. घागरीच्या तोंडात घोड्याचं तोंड मावेना. तिनं ओंजळीत पाणी धरलं, ते बोटांतून गळून गेलं. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा धरलं. म्हातारा घोड्याच्या मानेवर हात ठेवून हलकी शीळ घालू लागला. तीच शीळ. सगुणाचे डोळे भरून आले. पणजीची घोडी मेली, तेव्हा वाटेत पाणी नव्हतं. आज विहीर भरलेली होती आणि तरी हा घोडा मरायला टेकला होता.

ऊन कललं तेव्हा कुठं घोडा उभा राहिला, आणि म्हातारा त्या रात्री गावातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणानं कुणाला न विचारता काटे उपसले, फुलं बाजूला ठेवली आणि पहिली घागर डोणीत ओतली. आत्या आली, आपली घागर रिती करून गेली. मागोमाग इतर बायका आल्या. डोणी भरली. म्हाताऱ्याचा घोडा पोटभर प्याला, मग कुंभाराची गाढवं आली. सगुणानं त्यांना हाकललं नाही. शेवाळ येईल तेव्हा आपणच घासायचं, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि गाढवांसाठी हळूच शीळ घातली.

मुलांनो, थोरांनो, पूर्वजांचं दान कुंपणात जपता येत नाही. ते आपल्या हातानं पुढं देत राहिलं, तरच टिकतं.